राणीच्या कानातलं कुंकू

सकाळी उठल्या उठल्या वाटीत चिंच भिजत घातली आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात जायचं टाळते आहे. आज लक्ष्मीपूजन. दाराला तोरण बांधून झालं, रांगोळीतला हिरवा रंग संपला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले, शेजारणीचा चकलीचा सोऱ्या चार दिवसांपासून पडून होता तोही परत देऊन आले. चिंच मात्र ओट्यावर तशीच फुगते आहे. पन्नाशी उलटलेल्या बाईनं चिंचेच्या वाटीला भ्यावं, हे काही बरं लक्षण नाही. पण वाटीशेजारी आईचा राणीछाप रुपया ठेवला आहे, आणि गेल्या बारा वर्षांत मी एकही नाणं धुतलेलं नाही. जुनं नाणं कधी धुऊ नये, घासू नये, पुसूसुद्धा नये, हा आमच्या नाणी जमवण्याच्या छंदाचा पहिला नियम. तोच नियम मी आईला शिकवायला गेले होते.

हवा अगदी त्या वर्षीसारखी आहे. पहाटे पायांवर चादर ओढावी लागते आणि दुपारी ऊन डोक्यात शिरतं. हिंगणघाटच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या सुरू झाल्या आहेत. गाडी भरधाव गेली की वरच्या ताडपत्रीखालून कापूस उडतो आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकून बसतो. परगावच्या माणसाला वाटावं, इथल्या बाभळींना पांढरी फुलं येतात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्या बाभळी अशाच दिसतात, आणि त्या तशा दिसायला लागल्या की मला दर वर्षी, ज्यांनी मला नाणं बघायला शिकवलं त्या गुलाबकाकांच्या खोलीतला चहाचा वास येतो. त्याच्या मागोमाग आईचा चेहरा येतो. मग मी दुसऱ्या कशात तरी मन घालते.

मी सावंगीला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. लोकांचं रक्त काचेवर पसरायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि अहवाल लिहायचा. दिवसभर बघण्याचाच धंदा. त्यामुळे आपल्याला बघता येतं, असा माझा मोठा समज होता. नाण्यांचा नाद लागला तो उशिरा, नागपूरच्या एका प्रदर्शनात. तिथं मी एक चांदीचा रुपया घेतला, आरशासारखा चकचकीत. इतकी वर्षं जुना आणि तरी कसा नव्यासारखा, म्हणून मी हरखून गेले. बाजूला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तो हातात घेतला, कडेनं धरून थोडा तिरपा केला आणि म्हणाले, "ताई, हा घासलेला आहे. याचं तोंड कोणीतरी सोलून काढलंय." मी रडवेली झाले असणार, कारण त्यांनी खिशातल्या कागदावर एक पत्ता लिहून दिला. हिंगणघाट, कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मागची गल्ली, गुलाबराव. म्हणाले, बघायला शिकायचं असेल तर यांच्याकडे जा.

गुलाबकाका नाण्यांचे व्यापारी नव्हते. त्यांनी सारा जन्म कापसाची प्रत ठरवण्यात घालवला होता. बाजारात कापसाचा ढीग पडला की हे त्यात हात घालणार, चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांमध्ये धरून ओढणार, धागा किती लांब, किती मऊ, किती पत्ती-कचरा, किती पिवळा, ते बघणार आणि बोलणार. ते जे बोलतील त्यावर शेतकरीही मान हलवायचा आणि व्यापारीही. निवृत्त झाल्यावर तेच डोळे त्यांनी नाण्यांना लावले. घरात एकच चांगली खोली होती, तिला उत्तरेकडं खिडकी. खिडकीखाली लाकडी टेबल, त्यावर जुन्या शालीचा तुकडा अंथरलेला. त्यांच्या खोलीत दिवसा दिवा लावायला बंदी होती. "बल्ब खोटं बोलते," म्हणायचे. "उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाई."

पहिल्या रविवारी त्यांनी मला नाणं दिलंच नाही. चिमूटभर कापूस दिला आणि सुनेनं आणलेला चहा बशीत ओतून खाली ठेवला.

"पाय." आमच्याकडं पाय म्हणजे बघ. "माहा चहा निवेपर्यंत तोंडातून शब्द काढाचा नाई."

मी अर्ध्या मिनिटात म्हणाले, "पांढरा आहे, स्वच्छ आहे."

त्यांनी बशीकडं बोट दाखवलं. वाफ निघत होती. "बेटा, मानसानं तोंड उघडलं का डोये मिटते. तुले दोन डोये हायेत, त्याइले जरा काम करू दे."

असा तो नियम. चहा निवेपर्यंत बोलायचं नाही. पुढं नाणी आली तेव्हाही तोच. नाणं कडेनं धरायचं, पोटावर बोट टेकवायचं नाही. आधी सगळ्यात उंच भाग बघायचे, कारण झीज तिथं पहिल्यांदा होते. राणीछाप रुपया असेल तर राणीचा गाल, कानावरचे केस, मुकुटाचे मणी, झग्यावरची नक्षी. मग खोलगट भाग, अक्षरांच्या पोटातले. मग नाणं हळूहळू तिरपं करायचं. टाकसाळीतून आल्यापासून ज्याला कोणी छळलेलं नाही त्या नाण्यावरची झळाळी उजेडाबरोबर गोल फिरते. घासलेलं नाणं सगळीकडून एकदम चमकतं आणि त्या चमकेत जीव नसतो. भिंगाखाली त्यावर केसांसारख्या बारीक रेघा दिसतात, घासलेल्या स्टीलच्या ताटावर दिसतात तशाच. एवढं सगळं बघून झालं की मग नाणं किती शाबूत आहे त्याचा नंबर लावायचा.

झिजलेल्या नाण्याबद्दल मात्र काकांना माया होती. एकदा राणीचे नाकडोळे पार सपाट झालेला एक रुपया मी "हा तर गेलेला आहे" म्हणून बाजूला सारला. काका चिडलेच.

"गेलेला काऊन? हा चालला म्हनून झिजला. बजारात गेला, कोनाच्या लग्नात गेला, कोन्या बाईच्या कमरेले राह्यला. नंबर कमी लावजो, पन नाव ठेवजो नको."

मी वहीत लिहून घेतलं: नंबर कमी, नाव ठेवू नये. लिहिणं मला छान जमतं. अजूनही ती वही माझ्याकडं आहे आणि त्यातलं अक्षर फार सुरेख आहे.

शिकणारा माणूस काही काळ वेडा असतो म्हणतात. मी त्या हंगामात पुरती वेडी होते. बसमध्ये सुट्टे पैसे मिळाले की त्यांना नंबर. भाजीवालीच्या टोमॅटोंना नंबर, कामावरच्या मुलींच्या साड्यांना नंबर, लग्नातल्या जिलबीला नंबर. घरी यजमान म्हणाले, "माझा नंबर तेवढा चारचौघांत सांगू नकोस." मी हसले आणि मनात त्यांना बरा नंबर दिला. दोन-तीन महिन्यांत आपल्याला जे दिसतं ते इतरांना दिसत नाही, याची एक धुंदी चढली होती. तशा धुंदीत मी दिवाळीला सिंदीला गेले.

सिंदी रेल्वेला आमचं माहेर. वडील मी कॉलेजात असताना गेले. तेव्हापासून घरामागचं दोन एकराचं रान आईनं एकटीनं धरलं. त्यात थोडा कापूस, बाकी वांगी, मेथी, सांबार. बाहेरचे लोक कोथिंबीर म्हणतात, आम्ही सांबार म्हणतो. आईच्या बोटांना बारा महिने सांबाराचा वास असायचा. जुड्या बांधता बांधता ती बोलत राहायची आणि तिचं बोलणं कधी संपलं ते जुड्या संपल्यावरच कळायचं.

तिच्याकडं एक राणीछाप रुपया होता, तिच्या आईनं दिलेला. तो वर्षातून एकदा डब्यातून निघायचा. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आई चिंच भिजत घालायची, चुलीतली मऊ राख चाळून घ्यायची, आणि देवाच्या भांड्यांबरोबर तो रुपयाही घासायची. मग दुधानं धुवायची, तांदळांवर ठेवायची आणि राणीच्या कपाळाला हळदकुंकू लावायची. इंग्रजांची राणी दर दिवाळीला आमच्या घरी सवाष्ण होऊन बसायची. मी शाळेत असताना इतिहासाचं पुस्तक वाचून आईला सांगितलं होतं, "आई, ही राणी त विधवा होती. आयुष्यभर काळे कपडे घालून राह्यली." वडील होते तेव्हा. आई म्हणाली होती, "असन बापा. आपल्या घरी आली त आपल्या रीतीनं राहीन."

पुढं वडील गेले. आईनं कुंकू बंद केलं, कोणी काही बोलायच्या आधीच. पण दिवाळी आली तेव्हा तिनं राणीला ते लावलं. मी बघत होते हे तिच्या लक्षात आलं. "ती बी तसीच ना वं," एवढंच म्हणाली, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच लावलं. ते कुंकू दर वर्षी पुसलं जायचं, तरी राणीच्या कानाच्या खळग्यात थोडं राहून जायचं. तिथं बोट पोचत नाही, चिंचही पोचत नाही.

त्या वर्षी मी पोचले तेव्हा आई ओसरीत बसून घासत होती. राखेत बुडवलेलं बोट राणीच्या गालावरून गोल गोल फिरत होतं. मी पिशवी खाली टाकली आणि किंचाळले.

"आई, थांब! हात नको लावू त्याले!"

तिला वाटलं, विंचू. रुपया तिच्या हातातून उडाला आणि अंगणात घरंगळत गेला. मी तो उचलला, राख फुंकून उडवली, खिशातून भिंग काढलं. नवीन घेतलं होतं, दहा पट मोठं दाखवणारं. भिंगाखाली रेघाच रेघा. राणीच्या गालावर, मुकुटावर, मागच्या मोकळ्या जागेत. जिथं बघावं तिथं. आणि कानात लाल काहीतरी चिकटलेलं.

"पाहून राह्यली का? या डोळ्याले लाव. दुसरा मिट. दिसल्या रेघा?"

आईनं एक डोळा मिटून, तोंड थोडं उघडं ठेवून बघितलं. "दिसल्या."

"या तू पाडल्या. दर वर्षी राख लावून लावून. सारा नास केला नाण्याचा."

"इतक्या?" तिनं भिंग खाली केलं आणि स्वतःच्या हाताकडं बघितलं. "माह्या हातानं?"

"मंग कोनाच्या?"

तिनं हात झटकले. राख झाकून ठेवली. मग म्हणाली, "मले वाटे, देवापुढं लख्ख ठेवा लागते." मी तिला मग व्याख्यान दिलं. जुन्या चांदीवर वर्षानुवर्षं जो काळसर रंग चढतो तो म्हणजे मळ नव्हे, तेच नाण्याचं खरं कातडं. तो काळेपणा असेल तर जाणकार माणूस नाणं हातात धरतो, नाहीतर बघत नाही. आई मान हलवत ऐकत होती. संध्याकाळी पूजेला तिनं अर्धवट घासलेला रुपया तसाच ठेवला, गाल उजळ आणि बाकी तोंड राखाडी. कुंकू लावायच्या आधी माझ्याकडं बघितलं, चालेल का म्हणून. मी मोठ्या मनानं परवानगी दिली. वहीत मी त्या रात्री त्या नाण्याचा अहवालही लिहिला: घासलेले, सर्वत्र रेघा, कानात घाण.

घाण लिहिलं मी.

चहाची बशी तिथं नव्हती हे खरं. पण काका नाहीत म्हणून नियम नाही, असं थोडंच असतं?

वेचणी जोरात आली, सरली. बाभळी आणखी पांढऱ्या झाल्या. संक्रांतीला आई तीळगूळ घेऊन माझ्याकडं आली, चार दिवस राहिली. मधला रविवार होता. मी हिंगणघाटला निघाले तर म्हणाली, "मी बी येतो. तुह्या काकाइले पाहीन." बसमध्ये सारा वेळ तिचा हात पोटाशी होता, लुगड्याच्या ओच्यावर. मला वाटलं, पोटात दुखतंय.

काकांनी तिला मानानं बसवलं. सुनेनं तीन कप चहा आणला. काकांनी आपला बशीत ओतला. मी आदल्या महिन्यात घेतलेली दोन नाणी शालीच्या तुकड्यावर मांडत होते, तेवढ्यात आईनं ओच्यातून पुरचुंडी काढली आणि हळूच माझ्या नाण्यांच्या शेजारी ठेवली. सोडली. आत रुपया होता. कोळशासारखा काळा.

"पाय," ती मला म्हणाली. चेहरा असा उजळला होता की तसा मी खूप दिवसांत बघितला नव्हता. "झालं का नाई काळं? आता लाव त्याले नंबर."

बशीतून वाफ निघत होती. मला ती आजही दिसते.

"आई, काऊन केलं वं असं?" माझा आवाज चढला होता. "हे त नकली झालं! घासलेलं परवडलं, पन वरतून रंग चढवनं म्हनजे लबाडी. असं लबाड लोक करतात. आता हे नानं कायच्याच कामाचं नाई राह्यलं."

मला लाज वाटत होती, काकांपुढं. त्यांना वाटेल, हिच्या घरचे लोक असले. आईचा चेहरा मिटला. ती पुरचुंडीचं फडकं घडी करायला लागली. एकदा केली, उलगडली, पुन्हा केली.

काकांनी रुपया कडेनं उचलला, खिडकीशी नेला, कितीतरी वेळ बघितला. बशीवर साय धरली तेव्हा परत आले.

"बाई, कायच्यानं काळं केलं?"

"काजळीनं, भाऊ." आई खाली बघूनच बोलत होती. "आठ दिवस दिवा लावला. वाटीवर काजळी धरली, अन् बोटानं चोळली."

"तेलाचा दिवा?"

"नाई. तुपाचा. तेलाची काजळी डोयाले झोंबते. म्हटलं, राणीच्या डोयात जाईन."

काका हसले नाहीत. मला मात्र तेव्हा कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. "कोनी देल्लं होतं हे?" त्यांनी विचारलं.

"माह्या मायनं. माह्या लग्नात. ते बी असीच घासे दर दिवाळीले. डावखुरी होती, डाव्या हातानं घासे. लोक हासे तिले."

काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "बाई, तुमच्या वावरात सीतादही करता ना?" कापसाची वेचणी सुरू करायच्या दिवशी आमच्याकडं शेतात ही पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग पहिला वेचा घरी आणतात.

"करतो ना. तो वेचा वातीले ठेवतो."

"त्या वातीच्या कापसाची ग्रेड काढली का कधी कोनी?"

"त्याची कायची ग्रेड, भाऊ? तो त घरचा."

"तेच म्हनतो मी." काकांनी रुपया दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला. "उभा जलम कापूस पाह्यला, पन कोनाच्या वातीच्या कापसात हात नाई घातला. हे बी तसंच हाये. घरी ठेवा."

मला ते पटलं नाही. म्हातारा हळवा झाला, समोर बाई बसली म्हणून खरं बोलायचं टाळलं, असं वाटलं मला. प्रयोगशाळेत कोणी असा अहवाल दिला तर चालेल का? परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले. बरंच अंतर गेल्यावर आईनं विचारलं, "तुह्या काकाले राग आला का वं?"

"नाई."

थोड्या वेळानं, "तुले?"

मी बाहेर बघत राहिले. बाभळींवर कापूस होता. सावंगी येईपर्यंत मी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, आणि नंतर तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही.

काकांकडं जाणंही हळूहळू कमी झालं. ड्युटी, पाहुणे, पाऊस, कारणांना काय तोटा? मला आता येतं, असंही वाटायला लागलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. आज नागपूरकडची माणसं नाणं घेण्याआधी मला दाखवतात. मी सांगते तो नंबर धरून चालतात. काका गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं, तेही बसमध्ये, त्यांच्या गल्लीतल्या कुणाकडून तरी.

आणि आई? पुढच्या दिवाळीला मी सिंदीला गेले तर तांदळांवर एक नवं दहा रुपयांचं नाणं ठेवलेलं. "राणी कुठं गेली?" मी विचारलं. आई म्हणाली, "तुह्यासाठी ठेवली. हात नाई लावला." त्यानंतर दर वर्षी दहाचंच नाणं. त्याला ती कुंकू लावायची, पण कपाळच नव्हतं त्याला, कुठं लावावं ते तिला कळायचं नाही. मी हे बघत होते. आई, काढ ना तो रुपया, घास पाहिजे तेवढा, असं एक वाक्य बोलायला मला दहा दिवाळ्या मिळाल्या. दर वर्षी वाटायचं, आता ती विसरली असेल, आपण कशाला विषय काढा.

दोन उन्हाळ्यांमागे आई गेली. डब्यात पुरचुंडी होती, पुरचुंडीत वातीचा कापूस आणि कापसात राणी. मी ती इथं आणली आणि कपाटात ठेवून दिली. गेल्या दिवाळीला बाहेर काढायचा धीर झाला नाही.

परवा वसुबारसेला काढली. आमच्या घरात उत्तरेची खिडकी जिन्यात आहे, तिथं पायरीवर बसले. चहा बशीत ओतून शेजारी ठेवला, बारा वर्षांत पहिल्यांदा. बघितलं. उंच भागांवरची काजळी कापसानं उचलून घेतली होती, खोलात तशीच होती, केसांच्या वळणांत, अक्षरांत. कानात कुंकू होतं, काजळीच्या खाली, वाळून तपकिरी झालेलं. आणि रेघा होत्या. त्याच, ज्या मी आईला तिच्या डोळ्यानं बघायला लावल्या होत्या.

चहा अजून गरम होता म्हणून मी बघत राहिले. मग दिसलं की त्या रेघा एकसारख्या नाहीत. काही ताज्या आणि ठळक, खालून वर उजवीकडं वळत गेलेल्या. त्यांच्याखाली दुसऱ्या, जुन्या, पुसट झालेल्या, आणि त्या नेमक्या उलट, डावीकडं वळत गेलेल्या. उजव्या हातानं घासणाऱ्या बाईच्या रेघा तशा पडणार नाहीत. अगदी शपथेवर सांगता येणार नाही. नाणं उलटसुलट धरूनही कोणी घासू शकतं. पण इतक्या वर्षांत हजारो नाणी बघितली आहेत मी, आणि चहा निवून गेला तरी मी नाणं खाली ठेवलं नाही.

डावखुरी होती. लोक हासे तिले.

आईची आई मी बघितलेली नाही. तिचा फोटो नाही, पत्र नाही, भांडं नाही. आईजवळ तिची म्हणून एवढीच वस्तू होती, आणि त्या वस्तूवर तिचा हात जसाच्या तसा उमटलेला होता. ते वाचता येणारं माणूस आख्ख्या सिंदीत मी एकटी होते. भिंग माझ्या हातात होतं आणि आईचा डोळा भिंगाला लागलेला होता. दुसऱ्या रेघा कोणाच्या, एवढं तिला विचारलं असतं तर मी सांगू शकले असते, "हे पाय आई, या तुह्या रेघा, अन् या खालच्या तुह्या मायच्या." तिनं आणखी एकदा डोळा मिटून बघितलं असतं. चहा निवेपर्यंत थांबले असते तर एवढं झालं असतं. मी म्हणाले, या तू पाडल्या, सारा नास केला. "माह्या हातानं?" तिनं विचारलं होतं, आणि मी म्हणाले होते, "मंग कोनाच्या?" प्रश्न बरोबर होता. उत्तर माझ्या नाकासमोर होतं.

चार वाजत आले. पूजेची वेळ होईल. आता चिंचेचं काय?

धुतलं तर काजळी जाईल. आठ दिवसांचा तुपाचा दिवा, आईचं बोट, सगळं वाटीतल्या पाण्यात जाईल. नाही धुतलं तर ते राहील, माझ्या कपाटात, काचेखाली, आणि मी अधूनमधून काढून बघत बसेन, जशी बाकीची नाणी बघते तशी. संग्रह करणाऱ्या माणसाला जपून ठेवण्याचीही हाव असते, ती मला चांगली माहीत आहे. पण काजळी आईनं लावली ती मला भिऊन. देवासाठी ती चिंच लावायची. तिची मर्जी यातली कुठली, हे कळायला भिंग लागत नाही.

मी बाह्या वर केल्या. चूल नाही, म्हणून उदबत्तीची राख घेतली, चाळून. चिंचेचा कोळ बोटावर घेतला आणि राणीच्या गालावर ठेवला. बारा वर्षांचा नियम, बोट पुढं सरकेना. मग सरकलं. गोल गोल, आई करायची तसं. काजळी सुटली, पाणी काळं झालं, खालून चांदी वर आली, उघडी, निर्जीव चमक असलेली, दुनियेतल्या कुठल्याच जाणकारानं हातात धरू नये अशी. आता तिच्यावर तीन हात झाले. तिसरा हात तिथं दिसतो का, ते मी बघितलं नाही. भिंग जिन्यातच राहिलं आहे. कान मात्र मी चोळला नाही.

दुधानं धुतली, तांदळांवर ठेवली, कपाळाला कुंकू लावलं, जरा जास्तच.

वाटीतलं काळं पाणी मोरीत ओतवेना. बाल्कनीत सांबाराची कुंडी आहे, तिच्यात ओतलं. ओतल्यावर आठवलं, चिंचेच्या आंबट पाण्यानं सांबार जळतं. आई असती तर आतूनच ओरडली असती, "काऊन टाकलं वं ते पानी? जळन ना सारं!" मी क्षणभर तशीच उभी राहिले, वाटी हातात धरून, कान आत लावून. मी तिच्या हाताला नावं ठेवली. माझ्या हाताला तिनं कधीच ठेवली नाहीत. आज तरी ठेवायला हवी होती.